'ढ' हा शिक्का कोण मारतो?

जून महिना लागला आणि शाळा सुरू झाल्या की आमच्या वस्तीत वह्या, दप्तरे, गणवेश यांची धावपळ चालू होते. कुणी उसनवारी करतो, कुणी भिशीचे पैसे उचलतो. आपली माणसे स्वतः अर्धपोटी राहतील, पण मुलाची वही अडू देणार नाहीत. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि आपण ते मनापासून ऐकले, ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण मुलाला शाळेत घातले, वही दिली, फी भरली की आपले काम संपले असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तिथे आपली चूक होते. ती चूक आमच्याही हातून झालेली आहे, म्हणून आज या विषयावर लिहायचे ठरवले.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारच्या एक ताई संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. मालक शिरोलीला फौंड्रीत कामाला. मुलगा सहावीत. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दादा, ह्याचं काय करू सांगा. बाई म्हनाल्या, तुमचा पोरगा ढ हाय, त्याच्या डोक्यात काय शिरत न्हाई. म्हंते, सातवी झाली की कुठंतरी कामाला लावावं. आता आपलं नशीबच तसलं."

आम्ही त्यांना म्हणालो, "ताई, आपण नशीब मानत नाही. कुठलीही गोष्ट कारणाशिवाय घडत नाही, हे आपण विहारात ऐकतो. मग मुलाच्या बाबतीतच नशीब कुठून आले?"

असे बोलून तर गेलो, पण रात्री झोप लागेना. कारण हाच 'ढ' शब्द आम्ही आमच्या घरातही वापरला होता. थोरला मुलगा पाचवीत असताना गणितात नापास झाला, तेव्हा आम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि चारचौघांत म्हणालो, "ढ आहेस, ढ!" आज तो कमावता आहे. पण पगाराचा हिशेब करायचा झाला तरी तो कागद बायकोकडे सरकवतो. म्हणतो, "मला गणित येत नाही." त्याच्या हिशेबाची भीती त्या एका संध्याकाळपासून सुरू झाली असेल का, हा प्रश्न आम्हाला अजून छळतो.

या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केलेली एक बाई आपल्या कोल्हापुरातच होऊन गेली. त्यांचे नाव लीलाताई पाटील. जन्म १९२७ चा. सुप्रसिद्ध कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. पण वडिलांच्या नावावर त्या मोठ्या झाल्या नाहीत. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना शिकवणे हे त्यांचे काम. आपण ज्याला बी. एड्. कॉलेज म्हणतो, त्या अध्यापक महाविद्यालयात त्या प्राध्यापक होत्या. अशा महाविद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र हा विषय असतो. नाव जड आहे, पण अर्थ साधा आहे. मूल कसे शिकते, कशाने शिकते, कशाने शिकायचे थांबते, घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालते, याचा अभ्यास म्हणजे शैक्षणिक मानसशास्त्र.

आता गंमत पाहा. प्रत्येक बी. एड्. झालेल्या शिक्षकाने हा विषय शिकलेला असतो. मुलाला मारू नये, दुसऱ्याशी तुलना करू नये, प्रत्येकाची शिकण्याची चाल वेगळी असते, हे त्याने परीक्षेत लिहून गुण मिळवलेले असतात. आणि तरीही वर्गात जाऊन तोच शिक्षक छडी उगारतो, नाही तर 'ढ' म्हणतो. म्हणजे ज्ञान कॉलेजात राहिले आणि मूल वर्गात राहिले. दोघांची गाठच पडली नाही.

ही गाठ घालून द्यायचे काम लीलाताईंनी केले. निवृत्त झाल्यावर माणूस आरामाचा विचार करतो. लीलाताईंनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. मोठमोठ्या शिक्षकांना शिकवणारी बाई लहान मुलांच्या वर्गात येऊन बसली. आयुष्यभर जे शिकवले, ते खऱ्या मुलांच्या बाबतीत खरे उतरते की नाही, हे त्यांना पाहायचे होते.

त्या शाळेत छडी नाही. पहिला नंबर, शेवटचा नंबर अशी उतरंड नाही. मुलांनी पाठांतर करून ओकून टाकायचे नाही, तर स्वतः पाहायचे, हाताने करायचे, प्रश्न विचारायचे, आपल्या शब्दांत लिहायचे. आनंदाने शिकणे म्हणजे नुसते खेळणे आणि गाणी म्हणणे नव्हे. ज्या मुलाला कळले त्याला आनंद होतो आणि ज्याला आनंद होतो ते पुढचे शिकायला तयार होते, असा त्याचा अर्थ. शाळेतले अनुभव लीलाताईंनी पुस्तकांतून लिहून ठेवले. 'प्रवास ध्यासाचा, आनंद सृजनाचा' हे त्यांचे पुस्तक पुष्कळ शिक्षकांनी वाचले आहे. २०२० साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्या गेल्या.

आम्हाला या कामाचे मोल का वाटते ते सांगतो. शिकवणे, शोध घेणे आणि समाजाची सेवा करणे ही तीन कामे सहसा तीन माणसे करतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते. शिकवणारा पुस्तकातले सांगतो. संशोधन करणारा प्रबंध लिहितो, तो कपाटात जातो. सेवा करणारा वस्तीत येऊन वह्या वाटतो आणि फोटो काढून जातो. लीलाताईंनी तिन्ही कामे एकाच दाव्याला बांधली. वर्गात मुलांकडे पाहून जे समजले ते पुस्तकात लिहिले, पुस्तकातून ते शिक्षकांना सांगितले आणि मुलांची शाळा हीच त्यांची सेवा झाली. एक काम दुसऱ्याला खत घालत गेले.

कोणी म्हणेल, एका छोट्या शाळेने काय होणार? आपली मुले तर महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. प्रश्न बरोबर आहे. पण छडी न मारायला पैसे लागत नाहीत. मुलाचा प्रश्न ऐकून घ्यायला इमारत लागत नाही. त्या शाळेने जे करून दाखवले, त्यातला मोठा भाग फुकट आहे. तो कुठल्याही शाळेत आणि कुठल्याही घरात होऊ शकतो.

आता या विषयाची आपल्या समाजाच्या दृष्टीने जी बाजू आहे तिकडे वळू. कोल्हापूर ही शिक्षणाच्या बाबतीत साधी भूमी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह त्यांच्याच काळात उभे राहिले. आणि १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले.

महाराजांनी शाळा एक केली. पण एका शाळेत बसलेल्या मुलांच्या मनात वेगळे बाक शिल्लक राहतात, ते कसे काढायचे? ते हुकुमाने निघत नाहीत. आम्ही चौथीत होतो तेव्हाची आठवण आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की गुरुजी वर्गात मोठ्याने म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही पाच-सहा जण उभे राहायचो. बाकीची मुले वळून पाहायची. गुरुजींच्या मनात वाईट नसेलही, फॉर्म तर भरायलाच हवे होते. पण त्या दिवशी पुढच्या तासाला गुरुजींनी काही विचारले तर आमचा हात वर जात नसे. उत्तर येत असूनसुद्धा जात नसे. तेव्हा त्याचे कारण समजले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी दोन अभ्यासांची माहिती वाचली आणि समजले.

पहिला अभ्यास अमेरिकेतला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच विद्यापीठात पुढे केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय दांपत्य मानसशास्त्र शिकले आणि दोघांनीही तिथे डॉक्टरेट मिळवली. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. क्लार्क दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या अगदी सारख्या, फक्त रंग वेगळा, काही गोऱ्या आणि काही सावळ्या. मग विचारले, यातली चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी कोणती? निम्म्याहून अधिक मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटले. सावळी बाहुली आपल्यासारखी आहे हे सांगायची वेळ आली तेव्हा काही मुले रडली.

भगिनींनो, यातला अर्थ ध्यानात घ्या. त्या मुलांना कुणी मारले नव्हते. त्यांनी फक्त आजूबाजूला पाहिले होते. कोणाला मान मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे तीन-चार वर्षांच्या मुलालाही कळते आणि ते स्वतःचे मोल त्यावरून ठरवते.

क्लार्क दांपत्य कागद लिहून थांबले नाही. केनेथ क्लार्क न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्राध्यापक होते, तिथे शिकवत. शाळांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली फाळणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटीपेत त्यांच्या लेखनाचा उल्लेख आला. आणि १९४६ सालीच त्या दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत मुलांसाठी नॉर्थसाइड नावाचे केंद्र काढले होते. मॅमी क्लार्क यांनी पुढे कितीतरी वर्षे ते चालवले. शाळेने ज्यांना मंदबुद्धीचे ठरवले अशा मुलांना घेऊन पालक तिथे येत. नीट तपासणी केल्यावर दिसे, की त्यातली पुष्कळ मुले मंदबुद्धीची नव्हतीच. शाळेने शिक्का मारला होता, एवढेच.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, आणि तो आम्हाला जास्त लागला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधक बाईंनी उत्तर प्रदेशच्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सहा-सहा मुलांचे गट केले. प्रत्येक गटात तीन मुले वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची आणि तीन दलित. काही गटांत कुणाची जात सांगितली नाही. तिथे दोन्हीकडच्या मुलांनी साधारण सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मुले तशीच, कोडी तशीच. पण जात वाचून दाखवताच दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

वाचताना आम्हाला आमचा चौथीचा वर्ग आठवला. "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." हात का वर जात नव्हता, याचे उत्तर मिळाले. बुद्धी कमी झालेली नव्हती. तिच्यावर दडपण आले होते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती जरा कडू आहे. रीमा हॅना आणि ली लिंडन या संशोधकांनी भारतातल्या एका शहरात उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर मुलाची जात लिहिली होती, पण ती खरी नव्हती, चिठ्ठी टाकावी तशी कुठलीही लिहिली होती. खालची म्हणवली जाणारी जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला थोडे कमी गुण मिळाले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की कमी गुण देणाऱ्यांत त्याच खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींतले शिक्षक पुढे होते.

हे वाचून राग येतो. पण रागावण्यापूर्वी आपण आरशात पाहिले पाहिजे. आमच्या मुलाला 'ढ' कोण म्हणाले होते? शाळेने आधी म्हटले की नाही ठाऊक नाही, पण बापाने नक्की म्हटले होते. शेकडो वर्षे आपल्याला सांगितले गेले, की तुमच्या डोक्यात विद्या शिरणार नाही. आपण मूर्ती काढल्या, पोथ्या टाकल्या, नावे बदलली. पण मुलाला दोन गुण कमी पडले की तेच जुने वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडते. 'ढ' हा शब्द जातीच्या शब्दासारखाच काम करतो. तो मुलाने काय केले ते सांगत नाही, मूल काय आहे ते ठरवून टाकतो. आणि एकदा ठरले की कारण कोणी शोधत नाही.

आता शेजारच्या ताईंच्या मुलाकडे परत येतो. त्या रात्रीनंतर दुसऱ्या रविवारी आम्ही त्याला जवळ बसवले. पुस्तक उघडायला लावले नाही. वर्गात कुठे बसतोस, फळ्यावरचे काय लिहून घेतोस, दुपारी काय खातोस, असे साधे विचारले. तो शेवटच्या बाकावर बसतो असे कळले. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले तर डोळे बारीक करू लागला. ताईंनी अर्ध्या दिवसाचा खाडा करून त्याला सीपीआर दवाखान्यात नेले. चष्मा लागला.

चष्मा लागला आणि मुलगा पहिला आला, असे आम्ही लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. दोन-तीन वर्षे फळा नीट न दिसल्याने तो वाचनात पुष्कळ मागे पडला होता. आमच्या घरच्यांनी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास जवळ घेतले. तिसरीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. पहिला महिना तो रडायचा, म्हणायचा, "मी ढ हाय, मला येत न्हाई." तो शब्द काढायलाच चष्म्यापेक्षा जास्त दिवस लागले. आज तो सातवीत आहे, अडखळत का होईना पण धडा स्वतः वाचतो. भागाकार अजून चुकतो. ताई मात्र आता त्याला कामाला लावायचे नाव काढत नाहीत.

प्रत्येक मुलाचे कारण चष्माच असेल असे नाही. कुणाला कमी ऐकू येते. कुणी उपाशी शाळेत जाते. कुणाच्या घरी रात्री दारूची भांडणे चालतात आणि मूल जागे राहते. कुणाला अक्षरे ओळखण्यातच विशेष अडचण असते, त्याला वेगळी मदत लागते. कुणाची मागच्या इयत्तेतली एक पायरी कच्ची राहिलेली असते. ज्याला वजाबाकीत हातचा समजलेला नाही त्याला भागाकार येणार नाही, मग त्याला कितीही मारा. कारण शोधले तर पुष्कळदा उपाय हाताशी असतो.

लीलाताई प्राध्यापक होत्या, आपण नाही. पण मुलाकडे पाहणे, त्याला शिकवणे आणि त्याच्यासाठी झटणे ही तिन्ही कामे प्रत्येक आईबापाला करता येतात. आम्हाला जे उपयोगी वाटले ते सांगतो.

मूल शाळेतून आले की "किती मार्क पडले" आणि "कितवा आलास" हे आधी विचारू नका. "आज काय नवीन कळले? काय कळले नाही?" असे विचारा. कळले नाही हे सांगितल्यावर ओरडा बसत नाही, याची खात्री झाली की मूल खरे बोलू लागते. तुम्हाला वाचता येत नसले तरी हरकत नाही. मुलाने शिकलेले तुम्हाला समजावून सांगू द्या. दुसऱ्याला सांगताना आपले आपल्यालाच कळते, कुठे कच्चे आहे ते.

मुलाला "तू हुशार आहेस" असे सारखे म्हणण्यापेक्षा "तू आज चांगली मेहनत घेतलीस" असे म्हणा. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधक बाईंनी पाचवीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसते हुशार म्हटले, ती मुले अवघड काम आल्यावर लवकर खचली आणि काहींनी आपले गुण वाढवून सांगितले. ज्यांच्या मेहनतीचे कौतुक केले ती नेटाने करत राहिली. 'ढ' हा शिक्का वाईटच, पण 'हुशार' हाही शिक्काच आहे.

भावंडांत आणि शेजारच्या मुलांत तुलना करू नका. मुलगी आहे म्हणून तिच्या अभ्यासाच्या वेळी तिला पाणी भरायला पाठवू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला पूर्ण झोपू द्या. आणि चारचौघांत मुलाला कमी लेखू नका. जी गोष्ट आपल्याला कारखान्यात साहेबाने केलेली सोसत नाही, ती आपण घरात पोराला का करावी?

शाळेच्या बाबतीतही आपण हात बांधून बसायचे कारण नाही. बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे यांना बंदी आहे. वर्गात हिणवणे हा मानसिक त्रासच आहे. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमायची असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीवर आहेत? सभेची चिठ्ठी आली की आपण खाडा पडेल म्हणून जात नाही, आणि मग निर्णय दुसरे घेतात.

सभेला जा. भांडायला नको, विचारायला जा. शिष्यवृत्तीचे फॉर्म वर्गात मुलांना उभे न करता पालकांना बोलावून देता येतील का, असे विचारा. मागे पडलेल्या मुलाला शेवटच्या बाकावरून पुढे आणता येईल का, असे विचारा. पुष्कळ शिक्षक भले असतात, साठ-साठ मुले सांभाळून थकलेले असतात. पालक शांतपणे बोलले तर ते ऐकतात. नाही ऐकले तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आमच्या वस्तीतल्या विहारात आता संध्याकाळी सहा ते सात अभ्यासाचा तास सुरू केला आहे. नववी-दहावीची चार मुले-मुली लहानांना घेऊन बसतात. फळा जुना आहे, सतरंजी फाटकी आहे. नियम एकच ठेवला आहे, की तिथे कुणी कुणाला 'ढ' म्हणायचे नाही. परवा आमच्या थोरल्या मुलाला तिथे बसायला सांगितले. तो म्हणाला, "गणित सोडून काहीही शिकवीन." आम्ही म्हणालो, "शिकवू नकोस. नुसता त्यांच्याबरोबर बसून गणित कर. तुझा काही दोष नव्हता, चूक माझी होती."

एवढे बोलायला आम्हाला वीस वर्षे लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका. आज संध्याकाळी मूल घरी येईल तेव्हा त्याला जवळ घ्या आणि काय कळले नाही ते विचारा.

जयभीम.